दिवाळीच्या तोंडावर अडलेली 37 लेबलं: फराळाच्या ऑनलाइन दुकानाचं एक प्रकरण

पार्श्वभूमी

सांगलीत घरून चालणारं फराळाचं दुकान. दोघी जावा मालक, मदतीला चौघी बायका आणि पॅकिंगला एक मुलगा. विक्री स्वतःच्या वेबसाइटवरून. वेबसाइट बांधली पुण्यात शिकणाऱ्या पुतण्याने आणि तांत्रिक बाजू आजही तोच सांभाळतो. एरवी दिवसाला 12 ते 15 पार्सलं जातात, दसऱ्यानंतर हा आकडा 60 ते 70 वर जातो.

पार्सलं एका अ‍ॅग्रिगेटरमार्फत जातात, म्हणजे एकाच खात्यातून वेगवेगळ्या कुरिअरची लेबलं काढून देणाऱ्या सेवेतून. तिथला सगळा व्यवहार आगाऊ पैशांवर चालतो. खात्यातल्या वॉलेटमध्ये आधी पैसे भरायचे. लेबल काढलं की त्या पार्सलचं भाडं तेव्हाच वळतं होतं आणि एडब्ल्यूबी नंबर, म्हणजे पार्सलचा ट्रॅकिंग नंबर, मिळतो. पैसे नसले तर नंबर नाही, नंबर नसला तर लेबल नाही, आणि लेबलाशिवाय पिकअपला आलेला मुलगा पार्सलाला हातही लावत नाही.

या दुकानाचा महाराष्ट्रातला दर असा होता: पहिल्या 500 ग्रॅमला 38 रुपये, पुढच्या प्रत्येक 500 ग्रॅमला 34 रुपये, त्यावर 18 टक्के जीएसटी. म्हणजे 1 किलोच्या स्लॅबला, वजनाच्या टप्प्याला, 84.96 रुपये. सीओडी, म्हणजे पार्सल हातात पडल्यावर पैसे, असेल तर आणखी 35 रुपये अधिक जीएसटी, एकूण 126.26. ग्राहकाकडून सरसकट 80 रुपये घेतले जायचे. पाच रुपयांची खोट दुकान सोसत होतं आणि ती हिशेबात धरलेली होती.

वॉलेट भरायची रीत साधी होती. शिल्लक कमी दिसली की थोरल्या जाऊबाई आपल्या फोनवरून यूपीआयने 5,000 रुपये टाकायच्या. एरवी तेवढ्यात तीन-चार दिवस निघायचे. दिवाळीत 60 पार्सलांचं नुसतं भाडंच 5,097 रुपये होतं, म्हणजे एक रिचार्ज एका दिवसालाही पुरत नाही. हा हिशेब कुणी मांडलेला नव्हता.

काय अडलं

वसुबारसेच्या बारा दिवस आधीचा सोमवार. सकाळी 11:20 ला धाकट्या जाऊबाईंनी 64 ऑर्डरींची लेबलं एकगठ्ठा काढायला टाकली. 27 निघाली. उरलेल्या 37 वर लाल अक्षरांत एकच ओळ आली: शिल्लक अपुरी.

आदल्या रात्री वॉलेटमध्ये 7,840 रुपये होते. त्यात 64 पार्सलं बसली असती, 27 वर थांबायचं कारण नव्हतं. वॉलेटचा उतारा उघडल्यावर उलगडा झाला. रविवारी रात्री वजनतफावतीपोटी, म्हणजे लेबलावरचं वजन आणि कुरिअरने मोजलेलं वजन यांतल्या फरकापोटी, 96 पार्सलांचे मिळून 5,255.72 रुपये कापले गेले होते. उरले 2,584.28. त्यात 22 प्रीपेड आणि 5 सीओडी लेबलं निघाली आणि शिल्लक राहिली 83.86. अठ्ठाविसावं लेबल 1 रुपया 10 पैशांसाठी अडलं.

थोरल्या जाऊबाईंनी लगेच 15,000 रुपयांचं रिचार्ज केलं. बँकेचा मेसेज आला, पैसे खात्यातून गेले. वॉलेटमध्ये मात्र काहीच जमा नाही, आणि यूपीआय अ‍ॅपमध्ये ‘प्रक्रियेत’ असं फिरतं चक्र.

त्या वेळी या दोन्ही गोष्टी एकच वाटल्या: ‘पेमेंट अडकलं’. प्रत्यक्षात त्या दोन स्वतंत्र अडचणी होत्या आणि त्यांची उत्तरंही वेगळी होती. अडकलेलं पेमेंट ही त्या दिवसापुरती कटकट होती. तफावतीची कपात तीन आठवडे आतून पोखरत होती, आणि तिचं मूळ पॅकिंगच्या टेबलावर होतं.

तफावत आली कुठून

कुरिअर दोन वजनं काढतं. एक काट्यावरचं. दुसरं आकारमानाचं: लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये घेऊन गुणाकार करायचा आणि 5000 ने भागायचं. दोन्हींतलं जे जास्त, त्यावर भाडं. काही सेवांत भाजक 4000 किंवा 4500 असतो, तिथे हलक्या मोठ्या पार्सलाला आणखी फटका बसतो. आपल्या दरपत्रकात कोणता भाजक आहे ते एकदा डोळ्यांनी पाहून घ्यावं.

चिवडा हा या हिशेबातला वाईट पदार्थ. हलका, फुगीर, आणि दाबला तर पोह्यांचा चुरा. दुकानाचा 700 ग्रॅमचा चिवड्याचा खोका 25×18×10 सेंमीचा होता. गुणाकार 4500, आकारमानी वजन 0.9 किलो. काट्यावर 880 ग्रॅम. दोन्ही 1 किलोच्या आत.

गणपतीनंतर खोकेवाल्याकडे तो माप संपला. त्याने 28×20×12 चा दिला, ‘वरच्या मापाचा आहे, त्याच भावात घ्या’ म्हणून. दोघींना तो सौदा बराच वाटला. गुणाकार झाला 6720, वजन 1.344 किलो, स्लॅब 1.5 किलो. वेबसाइटवरच्या उत्पादनाच्या नोंदीत माप जुनंच राहिलं. तिथून ते प्रत्येक लेबलावर आपोआप जात होतं, त्यामुळे कुणाच्या डोळ्यांपुढे आलंच नाही.

यावर आणखी एक भर पडली. नवा खोका मोठा, म्हणून चिवड्याची एकच फुगीर पिशवी उभी भरून वर बबल रॅपचा बोळा कोंबला जायचा. झाकण फुगायचं, बाजू बाहेर यायच्या. हबवरच्या, म्हणजे कुरिअरच्या पार्सलं गोळा होणाऱ्या केंद्रातल्या, यंत्राने अशी पार्सलं 29×21×13 मोजली. प्रत्येक बाजूला जेमतेम एक सेंटिमीटर जास्त, पण गुणाकार 7917, वजन 1.583 किलो, स्लॅब थेट 2 किलो. यंत्र सर्वांत बाहेर आलेल्या बिंदूंपासून मोजतं. खोक्यावर छापलेलं माप त्याला ठाऊक नसतं.

कापलेल्या 96 पार्सलांत 61 ला एक स्लॅब जास्त लागला होता, म्हणजे प्रत्येकी 40.12 रुपये. 35 ला दोन स्लॅब, म्हणजे प्रत्येकी 80.24.

अ‍ॅग्रिगेटरने हे गुपचूप केलं नव्हतं. तफावत नोंदली की हरकत घ्यायला 7 कामकाजाचे दिवस मिळतात. तेवढ्यात काही केलं नाही तर ती मान्य धरली जाते. सूचना ईमेलवर जात होत्या. खातं उघडताना पुतण्याने कॉलेजचा ईमेल दिला होता आणि तो ईमेल तो आता उघडतही नव्हता. पोर्टलवर ‘वजनतफावत’ या शब्दाशेजारी एक लहान लाल आकडा दिसायचा. दोघींनी तो रोज पाहिला होता. तो आपल्यासाठी आहे असं वाटलं नाही.

समोर असलेले पर्याय

वेळ 11:50. पिकअप नोंदवायची शेवटची वेळ दुपारी 2, गाडी साधारण साडेचारला. घरात पाच पर्याय बोलले गेले.

पुन्हा यूपीआयने 15,000 भरणं. पहिल्यांदा हाच सुचतो आणि यातच माणसं फसतात. चालू खात्यात आता 21,000 उरले होते आणि त्यातले 14,000 त्याच संध्याकाळी डाळ-तेलाच्या दुकानदाराला द्यायचे होते. दुसरंही अडकलं असतं तर भट्टी थांबली असती. आणि उलट झालं असतं, म्हणजे दोन्ही जमा झाली असती, तर 30,000 रुपये वॉलेटमध्ये बसले असते. वॉलेटमध्ये पैसा घालणं मिनिटाचं काम, काढून घेणं अर्जविनंतीचं.

पहिलं पेमेंट जमा व्हायची वाट बघणं. यात कायद्याचा आधार आहे, पण त्याचा वेग दिवाळीच्या कामाचा नाही. अयशस्वी व्यवहारांसाठी रिझर्व्ह बँकेने 20 सप्टेंबर 2019 च्या परिपत्रकात मुदती घातल्या आहेत. यूपीआयने व्यापाऱ्याला पैसे दिले, खात्यातून गेले, पण व्यापाऱ्याकडे पुष्टी पोचली नाही, तर रक्कम व्यवहाराच्या दिवसापासून 5 दिवसांत आपोआप परत यायला हवी. त्यापुढे दर दिवसाला 100 रुपये भरपाई. दिवस कॅलेंडरचे मोजतात, सुट्ट्या वगळून नव्हे. म्हणजे हा पैसा शनिवारपर्यंत अडकलेला धरायचा आणि तो नाहीच असं समजून दिवस उभा करायचा.

सीओडीचे येणे पैसे वॉलेटकडे वळवणं. दुकानाचे सुमारे 38,000 रुपये सीओडीपोटी अ‍ॅग्रिगेटरकडे होते. आपलेच पैसे, त्यांच्याच घरात. पण पार्सल पोचल्यावर ठरावीक दिवसांनी रक्कम ‘देय’ होते आणि देय झालेलीच वळवता येते. सोमवारी तशी होती 2,310. पुरणारी नव्हती, पण शेवटची उशी म्हणून लक्षात ठेवण्याजोगी.

पोस्टात जाऊन स्पीड पोस्ट करणं. प्रीपेड पार्सलांना हा चांगला मार्ग आहे. रोख द्या, पावती घ्या, वॉलेटचा संबंध नाही. पण 37 मधली 16 सीओडी होती आणि ग्राहकाकडून वसुलीचं काम काउंटरवर सहज होत नाही, त्यासाठी वेगळी व्यवस्था लागते. उरली 21. त्यांचे पत्ते पुन्हा लिहिणं, रांग, आणि परत येऊन प्रत्येक ट्रॅकिंग नंबर हाताने वेबसाइटवर चढवणं, असा माणसाचा सगळा दिवस गेला असता.

वॉलेटच्या व्हर्च्युअल खात्यात बँकेतून थेट पाठवणं. बहुतेक अ‍ॅग्रिगेटर प्रत्येक विक्रेत्याला एक स्वतंत्र खाते क्रमांक देतात. त्यात आलेला पैसा आपोआप त्याच्या वॉलेटला लागतो. आयएमपीएसने लगेच, आणि एनईएफटी 16 डिसेंबर 2019 पासून चोवीस तास, अर्ध्या-अर्ध्या तासाच्या तुकड्यांत चालतं. इथे पेमेंट गेटवे, म्हणजे ऑनलाइन पैसे स्वीकारणारी मधली सेवा, नसते, त्यामुळे ‘पैसे गेले पण पुष्टी आली नाही’ हा प्रकार कमी होतो. हा क्रमांक पोर्टलवर वर्षभर होता. नवा लाभार्थी जोडल्यावर बऱ्याच बँका काही तास थांबवतात किंवा रक्कम मर्यादित ठेवतात, म्हणून तो अडचणीच्या दिवशी जोडायची गोष्ट नाही.

हा शेवटचा पर्याय निवडला गेला. बँकेने नव्या लाभार्थ्याला पहिल्या दिवशी 10,000 ची मर्यादा घातली, ती नशिबाने पुरेशी होती.

प्रत्यक्षात काय केलं

दोघी हे बोलत असताना पुण्याहून फोन आला. “काकू, तुम्ही थांबा, मी इथून काढतो.” दुकानाचं दुसऱ्या एका अ‍ॅग्रिगेटरकडे जुनं खातं होतं आणि त्यात थोडी शिल्लक पडून होती. पुतण्याने वेबसाइटवरून त्या दिवसाच्या ऑर्डरींची यादी काढून तिथे चढवली. यादी 37 ची हवी होती, चढली 64 ची, कारण लेबल निघालेल्या 27 ऑर्डरींची स्थिती वेबसाइटवर अजून बदलली नव्हती. शिल्लक संपेपर्यंत तिथे 11 लेबलं निघाली. त्यातली 7 अशा ऑर्डरींची, ज्यांचं एक लेबल आधीच छापून झालं होतं. सात ग्राहकांना दोन ट्रॅकिंग नंबरांचे दोन मेसेज गेले आणि ‘दोनदा पाठवताय का, मी एकच सांगितलंय’ असे व्हॉट्सअ‍ॅप सुरू झाले.

इथे धाकट्या जाऊबाईंनी योग्य वेळी लगाम ओढला. त्या दिवशीपुरतं लेबल फक्त एकाच खात्यातून आणि एकाच संगणकावरून निघेल असं ठरलं. पुतण्याने दुसऱ्या खात्यातली 11 ही लेबलं रद्द केली. पिकअपचं स्कॅन व्हायच्या आधी रद्द केलेल्या लेबलाचं भाडं वॉलेटला परत येतं, स्कॅननंतर नाही. म्हणून रद्द करायचं काम आधी, बाकीचं नंतर.

मग पैशांचा हिशेब. किती भरायचे हे या वेळी अंदाजाने न ठरवता पार्सलं मोजून ठरवलं. आधी वेबसाइटवर चिवड्याच्या खोक्याचं माप 28×20×12 असं दुरुस्त केलं. हे पैसे भरण्याच्या आधी करणं महत्त्वाचं होतं, नाहीतर पुढची 37 लेबलंही चुकीच्या दराने निघून तीच कपात दोन आठवड्यांनी परत आली असती. 37 पैकी 20 चिवड्याची होती. त्यांचा खरा दर 125.08, सीओडी असेल तर 166.38. हिशेब असा बसला:

चिवडा प्रीपेड 14: 1,751.12
चिवडा सीओडी 6: 998.28
लाडू-चकली प्रीपेड 7: 594.72
लाडू-चकली सीओडी 10: 1,262.60
एकूण 4,606.72

आयएमपीएसने 6,000 पाठवले. 12:50 ला वॉलेटमध्ये दिसले. 37 लेबलं निघाल्यावर शिल्लक राहिली 1,477.14.

सकाळच्या 27 मध्ये 15 खोके नव्या मापाचे होते आणि त्यांची लेबलं जुन्या मापाने निघालेली. ती रद्द करून नव्याने काढावीत का? इथे थोडा वाद झाला. पण फरक एका स्लॅबचाच, 40.12 रुपये. आता भरा किंवा तफावत म्हणून नंतर भरा, रक्कम तीच. रद्द करण्यात मात्र अर्धा तास आणि कदाचित आजचा पिकअप गेला असता. ती तशीच जाऊ दिली, फक्त झाकणं दाबून नव्याने चिकटवली, म्हणजे निदान 2 किलोत जाऊ नयेत.

साडेचारची गाडी 4:40 ला आली. 51 पार्सलं गेली. 13 राहिली: बारा पॅकिंग व्हायची होती, आणि एक पिकअपच्या मुलाने परत टेबलावर ठेवलं. त्याने तीनदा स्कॅनर लावला, यंत्राने बीप दिला नाही. पाहिलं तर खोक्यावर दुसऱ्या खात्यातलं रद्द झालेलं लेबल. मॅनिफेस्टमध्ये, म्हणजे त्या दिवशी न्यायच्या पार्सलांच्या यादीत, नसलेलं पार्सल त्याने नेलं नाही हे चांगलंच झालं. नेलं असतं तर हबमध्ये बेवारस पडलं असतं आणि चिवड्याचा शोध दिवाळीनंतर लागला असता.

अडकलेल्या 15,000 साठी दुपारीच दोन ठिकाणी तक्रार केली. एक यूपीआय अ‍ॅपमध्ये त्याच व्यवहारावर जाऊन, दुसरी अ‍ॅग्रिगेटरच्या मदतकक्षाकडे. पहिल्या ईमेलला नुसता स्क्रीनशॉट जोडला होता, त्यावर ‘तपशील द्या’ एवढंच उत्तर आलं. दुसऱ्यांदा खात्याचा क्रमांक, रक्कम, तारीख-वेळ, 12 अंकी यूटीआर (व्यवहाराचा बँकेतला क्रमांक) आणि बँकेच्या उताऱ्यातली ती एक ओळ पाठवली. या प्रकारात शोध यूटीआरवरच लागतो. स्क्रीनशॉट दाखवतो की तुम्ही पाठवले, यूटीआर सांगतो की ते कुठे थांबले. मंगळवारी उत्तर आलं: आमच्या गेटवेत व्यवहार अयशस्वी आहे, रक्कम आमच्याकडे आलेली नाही. म्हणजे पैसे वॉलेटकडे वळवून मागण्यात अर्थ नव्हता, बँकेकडूनच परत यायचे होते. गुरुवारी आले, तिसऱ्या दिवशी.

शनिवार उलटूनही आले नसते तर पुढची पायरी बँकेची लेखी तक्रार होती. बँकेने 30 दिवसांत उत्तर दिलं नाही किंवा दिलेलं पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या एकात्मिक लोकपाल योजनेकडे जाता येतं. ती 12 नोव्हेंबर 2021 पासून आहे आणि तक्रार ऑनलाइन, विनाशुल्क होते.

हरकतींचा निकाल

सोमवारी रात्री पोर्टलवरचा तो लाल आकडा पहिल्यांदा उघडला गेला. आत आणखी 118 पार्सलं होती, मुदत न संपलेली. 74 ला एक स्लॅब, 44 ला दोन. मिळून 6,499.44 रुपयांची कपात पुढच्या आठवड्यात येऊ घातलेली. सोमवारचा गोंधळ पुढच्या सोमवारी तसाच पुन्हा झाला असता.

सगळ्या 118 वर हरकत घ्यावी असा पुतण्याचा आग्रह होता. ते केलं नाही, आणि ते बरोबरच होतं. 74 पार्सलं खरोखर 1.5 किलोच्या स्लॅबची होती, चूक दुकानाची. सरसकट हरकती फेटाळल्या जातात आणि त्यात खऱ्याही वाहून जातात. फक्त 44 वर घेतली, मुद्दा एवढाच: खोका 28×20×12 आहे, स्लॅब 1.5 हवा, 2 नव्हे. पुराव्याला खोक्याच्या तिन्ही बाजूंना टेप लावून काढलेले फोटो आणि काट्यावरचा एक फोटो.

44 पैकी 19 मान्य झाल्या, 762.28 रुपये वाचले. 25 फेटाळल्या. हबने उलट स्वतःचे फोटो लावले होते आणि त्यात झाकण ढेरीसारखं पुढे आलेलं स्वच्छ दिसत होतं. शिवाय दुकानाने पाठवलेले फोटो रिकाम्या, नव्या खोक्याचे होते. हरकतीला त्याच पार्सलचा, लेबल दिसणारा, पाठवण्याआधीचा फोटो लागतो. तो आधी काढलेला नसेल तर नंतर कुठून आणणार?

दोन्ही खेपा मिळून 214 पार्सलांवर 10,992.88 रुपये जादा गेले. पार्सलमागे सरासरी 51 रुपये. 700 ग्रॅम चिवड्यात दुकानाला सुटणाऱ्या नफ्यातला मोठा तुकडा.

नंतर बदललेलं

चिवडा आता 350-350 ग्रॅमच्या दोन पिशव्यांत आडवा भरला जातो, झाकण सपाट बसतं. खोका पुन्हा 25×18×10. खोकेवाल्याला सांगायचा नियमही सापडला: तिन्ही मापांचा गुणाकार 5000 च्या खाली म्हणजे 1 किलो, 2500 च्या खाली म्हणजे अर्धा किलो. 25×18×10 ची उंची एक सेंटिमीटरने फुगली तरी 4950 होतात, निभावतं. उंचीबरोबर आणखी एक बाजू फुगली तर नाही. चिवड्याच्या प्रत्येक नव्या तुकडीतलं एक पार्सल टेप आणि काट्यासह, लेबल वर ठेवून, फोटोत जातं. सगळ्यांचे काढायला वेळ नसतो, पण सीओडीची आणि परराज्यातली सोडत नाहीत.

वॉलेटसाठी हंगामात तळरेषा ठरली. दोन दिवसांची लेबलं, म्हणजे 60 पार्सलं गुणिले सुमारे 115 रुपये गुणिले 2, साधारण 13,800. त्यावर येऊ घातलेली तफावत आणि परत येणाऱ्या पार्सलांसाठी 3,000. सीओडीचं पार्सल ग्राहकाने नाकारलं तर जायचं भाडं गेलेलंच असतं, यायचंही कापलं जातं, आणि दिवाळी झाल्यावर अशी पार्सलं एकदम येतात. म्हणून संध्याकाळी सातला शिल्लक 17,000 च्या खाली दिसली तर त्याच वेळी आयएमपीएस. सकाळी पॅकिंग चालू असताना पैसे भरायचे नाहीत.

शिल्लक कमी झाली की आपोआप रिचार्ज, ही सोय तपासून नाकारली गेली. कार्डावरच्या किंवा यूपीआयच्या आवर्ती आदेशाला, म्हणजे पैसे आपोआप कापायला एकदाच दिलेल्या परवानगीला, सर्वसाधारणपणे 15,000 पर्यंत ओटीपी लागत नाही, पण पैसे कापण्याच्या 24 तास आधी सूचना जावी लागते. फास्टॅगच्या आपोआप भरण्याला रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट 2024 मध्ये या आगाऊ सूचनेतून सूट दिली, कुरिअरच्या वॉलेटला ती नाही. सकाळी अकराला संपलेली शिल्लक दुसऱ्या दिवशी भरली जाणार असेल तर तिचा उपयोग काय? शिवाय एखाद्या रात्री मोठी कपात झाली तर ती सोय निमूटपणे पैसे ओतत राहील आणि गळती कुणाला कळणारही नाही. इथे लेबलं अडली म्हणून तरी उतारा उघडला गेला.

खात्यावरचा ईमेल आणि मोबाइल धाकट्या जाऊबाईंचा झाला. ते करताना आणखी एक गोष्ट लक्षात आली. प्रोफाइलमध्ये दुकानाचा जीएसटी क्रमांक भरलेलाच नव्हता. वॉलेटमध्ये भरलेली रक्कम हा खर्च नव्हे, ती अनामत. खर्चाचं बिल म्हणजे महिन्याअखेरचं भाड्याचं इन्व्हॉइस, आणि त्यावर आपला क्रमांक नसेल तर 18 टक्के जीएसटीचं क्रेडिट मिळत नाही. दुकान नोंदणीकृत असूनही ते सोडून देत होतं. लेखापालाने वर्षभर रिचार्जच्या पावत्यांवरूनच नोंदी केल्या होत्या.

वेगळं काय करता आलं असतं

सोमवारपुरतं बोलायचं तर 11:20 ते 12:10 ही पन्नास मिनिटं तीन माणसं तीन वेगवेगळ्या दिशांनी एकाच अडचणीवर धावली. पहिलं पेमेंट लटकल्यावर पाच मिनिटं सगळ्यांनी हात बाजूला ठेवले असते, तर दुहेरी लेबलं झाली नसती. 15,000 चा आकडाही घाईतला होता. त्या दिवसाची गरज पाच हजारांच्या आत होती. तेवढेच भरले असते तर अडकले असते तेवढेच.

त्याआधीचं बोलायचं तर सगळं त्या खोक्यापाशी येऊन थांबतं. माप बदललं त्याच दिवशी टेप लावून तीन आकडे गुणले असते, तर नवा खोका फुकट दिला तरी महाग पडतो हे कळलं असतं. खोक्यामागे वाचले असते दोन-तीन रुपये, भाड्यात गेले चाळीस ते ऐंशी.

चर्चेचा मुद्दा एकच उरतो: ग्राहकाकडून सरसकट 80 रुपये घ्यावेत की वजनाप्रमाणे? थोरल्या जाऊबाई सरसकटच्या बाजूने आहेत. गिऱ्हाइकाला आकडा आधी कळतो आणि तो ऑर्डर अर्धवट सोडत नाही. धाकट्यांचं म्हणणं, परराज्यातल्या पार्सलावर दुकान पदरचे पैसे घालतं. सध्या महाराष्ट्रात 80 आणि बाहेर 120 असं ठेवलं आहे, हंगाम संपल्यावर दोन्हींचा उतारा काढून बघायचं ठरलंय.

वरच्या मापाचे 140 खोके अजून माळ्यावर आहेत. त्यात आता अनारसे आणि शंकरपाळ्यांचं एकत्र 1.4 किलोचं पार्सल जातं. काट्यावरच 1.5 किलोचा स्लॅब लागतो, त्यामुळे आकारमानाने काही बिघडत नाही. झाकण तेवढं सपाट ठेवायचं.